सासरेबुवांच्या नाकावरचं बटण

मंडळी, एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी एखादी कला शिकायची ठरवली, की ती कला माझ्यापुढे हात जोडून उभी राहते! बायकोचं म्हणणं असं की, ती हात जोडते ते 'सोडा मला' म्हणून. पण बायकोचं म्हणणं मनावर घेत बसलो असतो, तर आजवर मी काहीच शिकलो नसतो.

मी एका पंप विकणाऱ्या कंपनीत कामाला आहे. दिवसभर पंपांची माहितीपत्रकं करून माणसाचा जीव विटतो. म्हणून मी इंटरनेटवर एक अभ्यासक्रम घेतला. हलत्या चित्रांची वेब पानं बनवायचा! आणि नुसती हलती चित्रं नाहीत हो. त्यांत बटणं घालायची, फोटो घालायचे, लोकांना नाव-फोन लिहिता यावा म्हणून फॉर्म घालायचा. बघणाऱ्याने बोट लावलं की चित्र नाचलं पाहिजे, गाणं वाजलं पाहिजे, फॉर्म उघडला पाहिजे! शिकवणाऱ्या बाईंचा आवाज गोड होता, आणि प्रत्येक धड्याखाली त्यांनी एक नाजूक, बारीक नक्षीची पट्टी काढलेली होती. अशा छोट्या गोष्टींवरूनच अभ्यासक्रमाचा दर्जा कळतो.

तर हा अभ्यासक्रम मी नुकताच संपवलेला, हाताला खाज सुटलेली, आणि अशात आम्ही सासुरवाडीला जेवायला गेलो.

माझ्या सासऱ्यांचं, म्हणजे मामांचं, चष्म्याचं दुकान आहे. अरुंदसं, आत लांबच लांब गेलेलं. दोन्ही भिंतींवर फ्रेमा, काउंटरला लाकडी खण, आणि पार मागे ती उंच खुर्ची आणि समोर अक्षरांचा उजळलेला तक्ता. माझ्या बायकोचं सगळं बालपण त्या काउंटरमागे गेलंय. चष्म्यांच्या रिकाम्या डब्या एकावर एक रचून त्यांवर पाटी ठेवून ती गृहपाठ करायची. आता रस्त्याच्या पलीकडे एक भलं मोठं काचेचं दुकान झालंय. आत गार हवा, गुळगुळीत फरशी, बसल्या जागी फुकट कॉफी. मामांकडे कॉफी नाही. मामांकडे पंखा आहे, आणि तो आवाज करतो.

जेवता जेवता मामांनी हातातला चमचा खाली ठेवला.

"येत्या रविवारी फुकट डोळे तपासणी ठेवतोय," ते म्हणाले. "लोक आले तर आले. नाही आले, तर दुकान देऊन टाकतो. मोबाइलची कव्हरं विकणारा एकजण विचारून गेलाय."

सासूबाई उगाच वाढायला उठल्या. बायकोने मान खाली घातली ती वर करेना. मला खरंच वाईट वाटलं हो! त्या दुकानात उद्या मोबाइलची कव्हरं लटकणार, या विचाराने मी हातातला घास ताटात परत ठेवला.

तेवढ्यात आमचे साडूभाऊ बोलले. साडूंविषयी थोडक्यात सांगतो. त्यांची गाडी कधी बंद पडत नाही, त्यांची छत्री कधी हरवत नाही, आणि त्यांनी लावलेला खिळा कधी वाकडा जात नाही. असा माणूस नात्यात असणं ही शिक्षा असते.

"मामा, मी बॅनर करून देतो," साडू म्हणाले. "चांगला मोठा. गल्लीच्या तोंडाशीच लावू."

"बॅनर!" मी हसलो. "साडूभाऊ, बॅनर हलतो का?"

"वारा आला की हलतो."

"बोलतो का? त्यावर बटण असतं का? बटण दाबून माणसाला नाव नोंदवता येतं का?" मी उठूनच उभा राहिलो. "मामा, मी तुम्हाला वेब पान करून देतो! असं पान, की रविवारी तुमच्या दुकानात पाय ठेवायला जागा उरणार नाही!"

"नक्की ना, जावईबापू?" मामांनी विचारलं. त्यांच्या आवाजात इतकी आशा होती, की खरं तर मी तिथेच घाबरायला हवं होतं.

"डोळे मिटून विश्वास ठेवा!" मी म्हणालो.

झालं. मी कामाला लागलो.

आता तुम्हाला थोडं शास्त्र समजावतो. हलतं चित्र म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद. त्यांना थर म्हणतात. माझ्या सगळ्यात खालच्या थरावर रस्ता. त्यावरच्या थरावर मामांचा फोटो. सगळ्यात वर एक सोनेरी चष्मा, जो फुलपाखरासारखा भिरभिरत येतो आणि अलगद मामांच्या नाकावर बसतो. मागे सनई नाही, बासरी! चष्मा नाकावर बसला की चित्र पुन्हा पहिल्यापासून सुरू. आणि एक सुंदर निळं बटण: 'नाव नोंदवा.' बटण दाबलं की फॉर्म. फॉर्म भरला की मामांच्या फोनवर नाव आलं, आणि भरणाऱ्याला उत्तर गेलं. ते उत्तर मी स्वतः रचलं होतं: 'तुमच्या डोळ्यांना आमची गरज आहे. लगेच या!'

फोटोसाठी मात्र नाकी नऊ आले. मामा आयुष्यभर दुसऱ्यांच्या डोळ्यांत बघत आलेले, पण कॅमेऱ्यात बघताना स्वतःचे डोळे मिटतात. शेवटी मिटलेल्या डोळ्यांचाच एक फोटो घेतला. म्हटलं, वर चष्मा येणारच आहे.

मी टेबलाच्या या टोकाला आणि लॅपटॉप त्या टोकाला ठेवून काम करत होतो.

"अहो, इतका लांब कशाला ठेवलाय तो?" बायको म्हणाली. "हात तरी पुरतोय का?"

"कलावंताला अंतर लागतं!"

"आणि नीट तपासा हं. बाबांच्या दुकानाचा प्रश्न आहे."

"डोळ्यांत तेल घालून तपासतोय!" मी म्हणालो, आणि तेही खोटं नव्हतं. एक एक गोष्ट तपासली. फक्त झालं काय, तो चष्मा भिरभिरायला लागला की माझ्या डोळ्यांना पाणीच यायचं. म्हणून मी चित्र थांबवायचो, शेवटी, चष्मा नाकावर बसल्यावर. मग शांतपणे बटण दाबायचो. फॉर्म उघडायचा, नाव जायचं, उत्तर यायचं. सगळं कसं झकास!

शनिवारी संध्याकाळी मी पान इंटरनेटवर सोडलं. बायकोने ते तिच्या शाळेच्या जुन्या मैत्रिणींना पाठवलं, मैत्रिणींनी नवऱ्यांना, नवऱ्यांनी कचेरीत. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

रविवारी सकाळी आम्ही सगळे दुकानात हजर. मामांनी कडक इस्त्रीचा शर्ट घातलेला. सासूबाईंनी घरच्या खुर्च्या आणून ओळीने मांडलेल्या. साडूंनी तरीही बॅनर लावलाच होता, आणि तो, काय सांगू, अगदी सरळ लागला होता.

मामांचा फोन वाजला. टिंग!

"जावईबापू! नाव आलं! कोणी निवृत्त मुख्याध्यापक आहेत!"

सासूबाईंनी तोंडावर पदर धरला. बायकोने माझा दंड घट्ट दाबला. मी साडूंकडे पाहिलं आणि काही बोललो नाही. मोठेपणा म्हणतात तो हाच.

टिंग! "मुख्याध्यापकच आहेत."

टिंग! "पुन्हा मुख्याध्यापक!"

टिंग! टिंग! टिंग!

"अहो, हे मुख्याध्यापक फार घायकुतीला आलेले दिसतात," सासूबाई म्हणाल्या.

"डोळ्यांचं काहीतरी गंभीर असणार," मामांचा चेहरा उतरला. "बिचारा माणूस सारखं सारखं नाव नोंदवतोय. मी फोनच लावतो." आणि त्यांनी लावला. "सर, घाबरू नका! तुमची नावं मिळाली. सगळी मिळाली! जमेल तसं लवकर या."

पलीकडून जे उत्तर आलं, ते आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

"म्हणजे खरंच गंभीर आहे? तरीच! सकाळपासून तुमचं मशीन मला कळवतंय, लगेच या, लगेच या! काय दिसलं हो त्याला माझ्या डोळ्यांत?"

आता कुठे माझ्या लक्षात आलं. फॉर्ममध्ये भरलेलं नाव पाठवायचा हुकूम मी बटणाला द्यायचा सोडून चष्मा नाकावर बसतो त्या क्षणाला दिला होता! मी चित्र त्याच क्षणावर थांबवून तपासलं, म्हणून माझं नाव एकदाच गेलं. पण लोकांकडे चित्र चालू. चष्मा उडतोय, नाकावर बसतोय, नाव जातंय. पुन्हा उडतोय, पुन्हा बसतोय, पुन्हा नाव जातंय. आणि प्रत्येक वेळी त्या बिचाऱ्याला उत्तर: लगेच या!

"अहो, काय झालं?" बायकोने विचारलं.

"काही नाही. लोकांचा प्रतिसाद जरा जास्तच उत्साही आहे."

बोलेपर्यंत दारात एक टॅक्सीवाला येऊन उभा. घामाघूम. टॅक्सी तशीच रस्त्यात उभी, मागे हॉर्न वाजतायत.

"डॉक्टर, माझे डोळे गेले!" त्याने मामांचे हातच धरले. "बटण दिसतं, पण बोट ठेवलं की तिथे नसतं! सकाळपासून धरतोय, सापडत नाही! मी गाडी कशी चालवू?"

त्याच्या मागोमाग पार्लरवाल्या बाई. "मलाही तसंच! निळं काहीतरी तरंगतं डोळ्यांपुढे! मी आज कुणाच्या भुवया कोरल्या तर काय होईल?"

मंडळी, बटण मी चष्म्याच्याच थरावर चिकटवलं होतं. चष्मा उडाला की बटणही उडत होतं! ज्यांना ते पकडता आलं त्यांच्यावर 'लगेच या'चा मारा होत होता. ज्यांना पकडता आलं नाही, ते डोळे गेले म्हणून धावत येत होते. कोणत्याही मार्गाने गेलात, तरी मामांच्या दुकानातच!

आणि माणसं आली हो! खुर्च्या भरल्या, काउंटरला माणसं टेकली, पायरीवर माणसं बसली. मुख्याध्यापक आपल्या पत्नीचा हात धरून, डोळे घट्ट मिटून आले, उगाच आणखी बिघडू नयेत म्हणून. एक गवंडी आला. एक जोडपं भांडतच आलं, कारण बटण तिला सापडलं होतं आणि त्याला नाही. फोन टिंगटिंगून इतका तापला, की सासूबाईंनी तो फ्रेमांच्या खणात घालून खण बंद केला. मग सगळा खण टिंगटिंगायला लागला.

मामा मात्र... काय सांगू तुम्हाला! बाही वर सारून ते एकेकाला त्या उंच खुर्चीत बसवत होते. "या, हनुवटी इथे. हं, वाचा. शाब्बास. घाबरायचं कारण नाही." पंखा आवाज करत होता आणि मामा मनातल्या मनात काहीतरी गुणगुणत होते. असे मामा मी लग्नानंतर कधी पाहिलेच नव्हते.

"आता तरी पान नीट करा," बायको माझ्या कानाशी कुजबुजली. तिला एव्हाना सगळं कळलं होतं. माझा चेहरा तिला वाचता येतो, चष्म्याशिवाय.

मी काउंटरच्या टोकाला लॅपटॉप उघडला. काम अगदी सोपं. बटण चष्म्यावरून काढायचं आणि रस्त्याच्या थरावर ठेवायचं. रस्ता हलत नाही! थरांची नावं मात्र त्या कंपनीने मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत लिहिलेली.

"अहो, तो रस्त्याचा थर नाही," बायको म्हणाली.

"मला शिकवू नकोस. अभ्यासक्रम कोणी केलाय?"

"आणि चष्म्याची ती उडायची वाट तुम्ही कुठे चिकटवताय?"

"काढून टाकतोय ती! कुठेच चिकटवत नाहीये!" मी ठसक्यात बटण दाबलं आणि सुधारलेलं पान सोडून दिलं. "झालं! आता बघ, कसं गुपचूप एका जागी बसतंय बटण!"

दुकानातले सगळे आपापल्या फोनकडे बघत होते. मग पार्लरवाल्या बाईंना हसू फुटलं. मग गवंड्याला. मग सगळ्या दुकानाला.

बटण एका जागी बसलं होतं, त्यात शंका नाही. ते मामांच्या नाकावर बसलं होतं. आणि मामा उडत होते! मिटल्या डोळ्यांनी, बासरीच्या सुरांवर, रस्त्यावरून भिरभिरत मामांचं डोकं चाललं होतं!

खुर्चीतल्या टॅक्सीवाल्याला तिकडे मामा सांगत होते, "तुमची नजर उत्तम आहे. एकदम ठणठणीत."

"मग बटण का सापडत नाही? तुम्हीच बघा!"

मामांनी त्याचा फोन घेतला. स्वतःचा चष्मा वर केला. खाली केला. बोट पुढे नेलं. मामांचं बोट मामांच्या नाकामागे धावलं. उजवीकडे धावलं, डावीकडे धावलं, आणि नाक काही हाती लागेना.

"जावईबापू!"

आजवर मला कुणी इतक्या मोठ्याने जावईबापू म्हटलं नव्हतं.

सासूबाईही फोनमध्ये डोकावल्या आणि त्यांनी कपाळाला हात लावला. "अगं बाई! सगळी गल्ली ह्यांच्या नाकावर बोट ठेवतेय!"

"बटण खरंच पळतंय!" टॅक्सीवाला उठून ओरडला. "म्हणजे आमच्या डोळ्यांना काहीच झालेलं नाही?"

"हे पान कोणी केलं?" मुख्याध्यापकांनी डोळे उघडले. "ज्याने केलं त्याने पुढे यावं!"

मी एव्हाना फ्रेमांच्या स्टँडमागे लपलो होतो. तिथून साडूंनी मला अलगद पुढे सरकवलं. हे कामही त्यांनी नीटच केलं.

"घाबरून माझं रक्त आटलं!" मुख्याध्यापक गरजले. "कान धरा!"

मी धरले. चाळिशी उलटलेला माणूस मी, भर दुकानात, बायकोच्या माहेरी. टॅक्सीवाला त्याची बुडालेली भाडी मोजायला लागला. पायरीवरची दोन माणसं उठून चालती झाली. माझी पाचावर धारण बसली. आता सगळे जाणार! उद्या इथे मोबाइलची कव्हरं! बायकोकडे बघायची माझी हिंमत होईना.

"सर," मामा शांतपणे म्हणाले, "आलाच आहात तर बसून जा. तपासणी फुकट आहे. हा खिशातला चष्मा तुमचाच ना?"

मुख्याध्यापक चुळबुळले. "म्हणजे... हिचा आहे. आम्ही दोघं आलटून पालटून लावतो. तिचं वर्तमानपत्र झालं की माझं."

"तरीच माझ्या आमटीत मीठ दोनदा पडतं!" त्यांच्या पत्नी म्हणाल्या. "बसा गुपचूप त्या खुर्चीत!"

ते बसले. त्यांच्यामागे गवंडी बसला. ते भांडणारे नवराबायको बसले, आणि तपासणीअंती चष्मा तिला लागला, त्याला नाही. ती घरी जाईपर्यंत त्याच्याशी बोलली नसावी. टॅक्सीवाल्याची नजर उत्तमच होती, पण त्याने जाऊन आईला आणलं. दुपारी तर समोरच्या काचेच्या दुकानाचा मॅनेजर इकडे तिकडे बघत आत शिरला.

"काका, जरा बघता का?" तो हळूच म्हणाला. "आमच्या मशीनवर बसायला आज माणूस नाही. मलाही ते बटण सापडेना."

"आता कोणालाच सापडत नाही," मामा म्हणाले. "बसा. कॉफी नाही हं आमच्याकडे."

संध्याकाळी खुर्च्या रिकाम्या झाल्या, तेव्हा काउंटरवर चष्म्यांच्या मागण्यांची चळत पडली होती. मामा दमून स्टुलावर टेकले. बायकोने घाबरत घाबरत विचारलं, "बाबा, मग... तो कव्हरंवाला?"

"त्याला सांगतो, दुसरीकडे बघ." मामांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "दुकान बंद करत नाही. जावईबापू, तुम्ही मात्र ते पान बंद करा."

बायको हसायला लागली आणि हसता हसता तिला रडू आलं. माझेही डोळे भरून आले. मी मोठ्या तत्परतेने लॅपटॉप ओढला, मग सवयीने परत लांब ढकलला, मान मागे घेतली आणि बंद करायचं बटण शोधू लागलो.

मामा माझ्याकडे बघत होते. अगदी धंद्याच्या नजरेने.

"जावईबापू, या खुर्चीत बसा."

"मी? माझी नजर घारीची आहे, मामा!" मी बसलो आणि समोरचा तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचून दाखवला. "पाहिलंत?"

"छान. आता हे वाचा." त्यांनी माझ्या हातात एक छोटं कार्ड दिलं.

मी ते जरा लांब धरलं. मग आणखी जरा लांब. मग हात पूर्ण ताणला, आणि कार्ड शेजारी उभ्या असलेल्या साडूंच्या पोटाला लागलं.

"हात संपला की सांगा," मामा म्हणाले.

"संपला," मी म्हणालो.

मामांनी खण उघडला. टिंगटिंगणारा फोन बाजूला सारून एक चष्मा काढला आणि माझ्या नाकावर ठेवला. अलगद, अगदी माझ्या चित्रातल्यासारखा. "म्हणजे जावईबापू, पान तुम्ही न बघताच केलंत!" साडू इतके हसले, इतके हसले, की बाहेर त्यांचा बॅनर एका बाजूने सुटल्याचं त्यांना कळलंच नाही. दिवसभरात मला तेवढंच सुख मिळालं.

घरी आलो. म्हटलं, चुकलं कुठे ते शोधावं. नवा चष्मा लावून मी अभ्यासक्रमाचा पहिला धडा उघडला. त्याच गोड आवाजाच्या बाई. खाली तीच नाजूक, बारीक नक्षीची पट्टी. पण ती नक्षी नव्हती हो! ती अक्षरं होती! पहिल्या धड्याखाली, दुसऱ्या धड्याखाली, शेवटच्या धड्याखालीसुद्धा, बाईंनी एकच वाक्य न कंटाळता लिहिलं होतं: 'पान कधीही थांबवून तपासू नये, चालू ठेवूनच तपासावे.'

बायको मागून वाकून वाचत होती. मी गुपचूप चष्मा काढला.

काय सुंदर नक्षी होती हो ती!